परका अवयव आणि संमतीचा कागद

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाचे नाव देशाबाहेर पोहोचले ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथे आकाराला आलेल्या एका कृत्रिम पायामुळे. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण जेमतेम झालेले, पण हातात विलक्षण कसब असलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड यांपासून घडवलेले हे पाऊल लावून माणसाला अनवाणी चालता येई, उकिडवे बसता येई, मांडी घालता येई आणि चिखलाच्या शेतातही उतरता येई. बुटात अडकवायच्या परदेशी बनावटीच्या पायांना यांपैकी बहुतेक गोष्टी जमत नव्हत्या. या पायाची कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे. अवयव बदलण्याच्या व्यापक इतिहासात तिचे एक वैशिष्ट्य मात्र नोंदवण्याजोगे आहे: रबराचा पाय दुसऱ्या कोणाच्या देहातून आणावा लागत नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडत नाही आणि तो बसवण्यासाठी रुग्णाखेरीज अन्य कोणाच्या संमतीची गरज पडत नाही. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय बदलायचे झाले की या तिन्ही बाबतींत परिस्थिती पालटते. असा अवयव दुसऱ्या देहातूनच यावा लागतो, शरीर त्याच्याशी झुंजते, आणि तो मिळवण्याच्या वाटेवर संमतीचे व परवानगीचे कागद जमवावे लागतात.

माणसांचे अवयव गरजेच्या मानाने नेहमीच अपुरे पडत आले आहेत. भारतात २०२३ साली १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते त्या वर्षी १,०९९ इतकेच होते. बाकीचा बहुतांश भार जिवंत नातेवाइकांनी, म्हणजे आई, वडील, भावंडे आणि फार मोठ्या प्रमाणावर पत्नी यांनी, उचलला. ही तूट भरून काढण्यासाठी प्राण्यांचे अवयव वापरण्याचा विचार नवा नाही. एका जातीच्या प्राण्याचा जिवंत अवयव किंवा पेशी दुसऱ्या जातीच्या शरीरात बसवणे याला परजातीय प्रत्यारोपण म्हणतात, आणि आज ज्या स्वरूपात ते पुढे आले आहे त्यात मुख्य प्राणी आहे जनुकीय बदल केलेले डुक्कर. या विद्येचा इतिहास सहसा शरीराने केलेल्या नकाराचा आणि त्या नकारावर विज्ञानाने मिळवलेल्या विजयाचा म्हणून लिहिला जातो. तो खराच आहे. मात्र त्याच्या जोडीने चालत आलेला संमतीचा इतिहास तेवढ्याच बारकाईने वाचायला हवा, कारण या विद्येला जे मोठे धक्के बसले त्यांतले अनेक शस्त्रक्रियेच्या टेबलावर बसण्याआधीच कागदावर बसलेले होते.

सुरुवातीचे प्रयत्न आज अघोरी वाटतात, तरी त्यांच्या काळात ते गंभीर विज्ञानच होते. १६६७ मध्ये पॅरिसला झाँ-बातिस्त दनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात सोडले. पुढे एक रुग्ण दगावल्यावर फ्रान्समध्ये रक्त देण्याच्या प्रयोगांवरच बंदी आली. १९०६ मध्ये लियॉन येथील माथ्यू झाबुले यांनी डुकराचे आणि बकरीचे मूत्रपिंड रुग्णांच्या रक्तवाहिन्यांना जोडून पाहिले, आणि दोन्ही मूत्रपिंडे अल्पावधीत निकामी झाली. रक्तवाहिन्या कशा शिवाव्यात हे तंत्र याच शहरात शिकलेल्या अलेक्सिस कॅरेल यांनी पक्के केले व त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु शिवण कितीही सफाईदार असली तरी परका अवयव का टिकत नाही, याचे उत्तर पीटर मेडावर यांच्या १९४० च्या दशकातील कामापर्यंत मिळाले नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपले आणि परके यांत भेद करते आणि परके ओळखले की त्याचा नाश करते, हे मेडावर यांनी दाखवून दिले.

या शोधानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आली आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतील शल्यविशारद पुन्हा प्राण्यांकडे वळले. डायलिसिसची सोय तेव्हा अगदी मोजक्या ठिकाणी होती आणि मेंदूचे कार्य कायमचे थांबले म्हणजे माणूस मृत झाला, ही संकल्पना कायद्यात आलेली नव्हती, त्यामुळे हृदय धडधडत असलेल्या देहातून अवयव घेणे अशक्यच होते. न्यू ऑर्लिन्स येथे कीथ रीम्ट्स्मा यांनी १९६३-६४ मध्ये १३ रुग्णांना चिंपांझीची मूत्रपिंडे बसवली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत दगावले, पण त्यांतली २३ वर्षांची एक शिक्षिका नऊ महिने जगली आणि मधल्या काळात कामावरही परतली. प्राण्याचा अवयव माणसाच्या देहात दीर्घकाळ काम करू शकतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होता, आणि पुढच्या साठ वर्षांत या क्षेत्रातल्या माणसांना धीर देत राहिलेली नोंद हीच होती.

याच काळात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे घडलेली घटना मात्र अधिक थांबून पाहण्यासारखी आहे. १९६३ मध्ये माणसाचे पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण करणारे डॉ. जेम्स हार्डी यांनी जानेवारी १९६४ मध्ये एका ६८ वर्षांच्या मरणासन्न रुग्णाच्या छातीत चिंपांझीचे हृदय बसवले. हा रुग्ण मूकबधिर होता आणि रुग्णालयात आणले तेव्हा बेशुद्ध होता. ज्या तरुणाचे हृदय वापरायचा विचार होता त्याचे हृदय थांबेना, इकडे रुग्णाचे थांबत आले, आणि पर्याय म्हणून ठेवलेला चिंपांझी वापरला गेला. ते लहानसे हृदय प्रौढ माणसाच्या रक्ताभिसरणाचा भार पेलू शकले नाही आणि सुमारे दीड तासाने थांबले. संमतीच्या कागदावर सही होती ती रुग्णाच्या सावत्र बहिणीची, आणि त्या कागदात प्राण्याचे हृदय वापरले जाण्याची शक्यता कोठेही लिहिलेली नव्हती. त्या काळच्या रूढीनुसार यात बेकायदा असे काही नव्हते. तरीही माणसाच्या छातीत बसवलेल्या पहिल्या हृदयाची गोष्ट अशा एका माणसाची आहे ज्याला काहीच विचारले गेले नाही आणि ज्याच्या वतीने सही करणारीलाही पुरते सांगितले गेले नाही, हा या शास्त्राच्या आरंभावर उमटलेला व्रण आहे आणि तो झाकून पुढे जाता येत नाही.

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवले आणि प्राण्यांचा विषय काही काळ मागे पडला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी आशियातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. हे धाडस अचानक उसळलेले नव्हते, सेन, जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या शंभर हृदय प्रत्यारोपणांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्नही त्याच वर्षी केईएममध्ये झाला होता. परळच्या एका महापालिका रुग्णालयात, त्या काळच्या तुटपुंज्या साधनांनिशी, जगाच्या बरोबरीने चाललेले हे काम महाराष्ट्राने जितके आठवणीत ठेवायला हवे होते तितके ठेवलेले नाही. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला, त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही, आणि भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण होण्यास ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला. ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

मधल्या पंचवीस वर्षांत सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध आले, मूत्रपिंड बदलणे नित्याचे झाले, आणि त्याचबरोबर मूत्रपिंडाचा बाजारही उभा राहिला. कर्जबाजारी माणसाने मूत्रपिंड विकायचे आणि परदेशी किंवा श्रीमंत रुग्णाने ते विकत घ्यायचे, हा व्यवहार १९८०च्या दशकात मुंबई आणि मद्रास येथे जवळजवळ उघडपणे चाले. त्याला आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने हा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेश यांत लागू झाला व बाकीच्या राज्यांनी तो नंतर स्वीकारला. कायद्याने तीन गोष्टी केल्या: मेंदूमृत्यूला मान्यता दिली, अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, आणि दाता जवळचा नातेवाईक नसेल तर प्रत्येक प्रकरण एका प्राधिकार समितीपुढे नेणे बंधनकारक केले. दाता खरोखर आपल्या मर्जीने व प्रेमापोटी देतो आहे की पैशासाठी किंवा दडपणाखाली, हे दाता आणि रुग्ण या दोघांना समोर बसवून विचारणे, हे या समितीचे काम. तिने दिलेल्या मंजुरीला रुग्णालयांच्या व्यवहारात एनओसी म्हणतात, आणि या चार अक्षरांच्या कागदावाचून शस्त्रक्रियागृहाचे दार उघडू नये अशी योजना होती.

या कायद्याच्या पहिल्याच काळात प्राण्याच्या अवयवाचा प्रश्न भारतात येऊन उभा राहील, अशी कल्पना फारशी कोणी केली नसेल. गुवाहाटीजवळील सोनापूर येथे हृदयशल्यचिकित्सक डॉ. धनीराम बरुआ यांनी स्वतःची संस्था उभारली होती. १ जानेवारी १९९७ रोजी त्यांनी हाँगकाँगचे शल्यचिकित्सक डॉ. जोनाथन हो केई-शिंग यांच्या साहाय्याने एका ३२ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात डुकराचे हृदय आणि फुफ्फुसे बसवली. रुग्णाच्या हृदयात जन्मतः छिद्र होते. तो सात दिवस जगला. मृत्यूनंतर दोन्ही डॉक्टरांना अटक झाली, १९९४च्या कायद्याखाली आणि सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली गुन्हे नोंदवले गेले, आणि सुमारे चाळीस दिवस त्यांना कोठडीत काढावे लागले. शासनाच्या चौकशीने ही शस्त्रक्रिया नीतीला धरून नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि या संस्थेने प्रत्यारोपणासाठी लागणारी नोंदणीही केलेली नव्हती.

२०२२ मध्ये अमेरिकेत डुकराचे हृदय माणसाला बसवले गेले तेव्हा भारतीय वृत्तपत्रांनी बरुआ यांची आठवण काढली, आणि जगाने दुर्लक्षिलेला द्रष्टा अशी त्यांची प्रतिमा रंगवली गेली. ही प्रतिमा मान्य करणे कठीण आहे. डुकराच्या हृदयाचा नाद त्या काळात एकट्या बरुआंना नव्हता; पोलंडचे झ्बिग्नेव्ह रेलिगा यांनी १९९२ मध्ये तो प्रयोग केला होता आणि त्यांचा रुग्ण सुमारे एक दिवस जगला होता. बरुआ यांच्या प्रयोगातली उणीव धाडसाची नव्हती. डुकराच्या अवयवाला माणसाचे रक्त मिनिटांत नाकारते, हे तोवर ठाऊक झाले होते, आणि तो नकार कसा टाळला याचा आपला दावा त्यांनी अन्य तज्ज्ञांना तपासता येईल अशा रीतीने कधी मांडला नाही. अनेक प्राण्यांवरील प्रयोगांची मालिकाही जगापुढे आली नाही. रुग्णाने संमती दिली होती असे ते सांगत राहिले. परंतु आपल्या शरीरात काय होणार, यापूर्वी असे केलेल्यांचे काय झाले, आणि दुसरा कोणता उपाय उपलब्ध आहे, हे जाणणाऱ्या माणसाची संमती आणि डॉक्टरवर भिस्त ठेवणाऱ्या गरीब रुग्णाची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जॅक्सनपासून गुवाहाटीपर्यंत तेहतीस वर्षांत त्यांतले अंतर मिटलेले नव्हते. खुद्द कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे ऑक्टोबर १९८४ मध्ये डॉ. लिओनार्ड बेली यांनी अवघ्या बारा दिवसांच्या बालिकेला बबून माकडाचे हृदय बसवले, ती वीस दिवस जगली, आणि संमतीपत्रात यशाची आशा जरुरीपेक्षा मोठी दाखवल्याबद्दल व मानवी हृदय शोधण्याचा पर्याय न मांडल्याबद्दल त्या प्रयोगावरही टीका झाली होती.

डुकराचा अवयव मिनिटांत का मरतो, याचे उत्तर एका साखरेत आहे. सस्तन प्राण्यांपैकी बहुतेकांच्या पेशींच्या पृष्ठभागावर अल्फा-गाल नावाची एक शर्करारचना असते. माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे यांच्या पूर्वजांनी ती लक्षावधी वर्षांपूर्वी गमावली. आपल्या आतड्यांतील जिवाणूंवर तशीच रचना असल्याने माणसाचे रक्त तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतर लवकरच तयार करू लागते. त्यामुळे डुकराचे मूत्रपिंड जोडताच ही तयार प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी सुरू होते, अस्तर फाटते, गुठळ्या होतात आणि गुलाबी अवयव पाहता पाहता काळा पडतो. डुकराच्या हृदयाच्या झडपा मात्र दशकानुदशके माणसांना बसवल्या जात आहेत, कारण रसायनांनी प्रक्रिया केलेल्या त्या झडपांत जिवंत पेशी उरलेल्या नसतात आणि शरीराला त्यांच्याशी भांडण्याजोगे फारसे काही सापडत नाही.

या नकारावरचा पहिला उपाय केंब्रिजमध्ये शोधला गेला. १९९२ च्या डिसेंबरमध्ये तेथे डेव्हिड व्हाइट यांच्या चमूने ॲस्ट्रिड नावाची डुकरीण जन्माला घातली, जिच्या पेशींत पूरक प्रथिनांना आवर घालणारे मानवी जनुक घातलेले होते. त्यातून निर्माण झालेला उत्साह ओसरला तो १९९७ मध्ये, बरुआ यांच्या प्रयोगानंतर काही आठवड्यांतच: लंडनमध्ये रॉबिन वाइस यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की डुकराच्या जनुकसंचातच पिढ्यान्‌पिढ्या वास करणारे काही रेट्रोव्हायरस प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतात. विषाणू प्राण्याच्या गुणसूत्रांतच असेल तर स्वच्छ गोठ्यात वाढवलेले डुक्करही निर्धोक म्हणता येत नाही. धोका केवळ रुग्णापुरता न राहता समाजाचा झाला; एका माणसाने पत्करलेली जोखीम त्याच्या कुटुंबाने आणि शेजाऱ्यांनी पत्करलेली नसते. मोठ्या औषध कंपन्यांनी हळूहळू काढता पाय घेतला आणि हे क्षेत्र काही वर्षे थंडावले.

त्याला पुन्हा ऊब मिळाली ती १९९६ मध्ये जन्मलेल्या डॉली मेंढीच्या तंत्रातून. पेशीचा गाभा बदलून प्राण्याची प्रतिकृती करता येऊ लागल्याने आधी पेशीतले जनुक निकामी करायचे आणि मग त्या पेशीपासून डुक्कर जन्माला घालायचे, अशी वाट मोकळी झाली, आणि २००२ च्या सुमारास अल्फा-गाल बनवणारे जनुक बंद केलेली पहिली पिले जन्मली. दशकभराने आलेल्या क्रिस्पर तंत्राने, म्हणजे ठरावीक जागी जनुकाची कात्री चालवण्याच्या पद्धतीने, हे काम वर्षांवरून महिन्यांवर आणले. हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटाने २०१५ मध्ये डुकराच्या पेशींतील रेट्रोव्हायरसच्या सर्व ६२ प्रती निकामी केल्या. व्हर्जिनियातील रिव्हिव्हिकॉर कंपनीने दहा बदलांचे डुक्कर तयार केले: साखरेच्या तीन रचना बनवणारी जनुके बंद, अवयव फार मोठा होऊ नये म्हणून वाढीच्या संप्रेरकाचे ग्राहक बंद, आणि गुठळ्या, सूज व नकार रोखणारी सहा मानवी जनुके घातलेली.

अशाच एका डुकराचे हृदय ७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. बार्टली ग्रिफिथ यांनी ५७ वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांना बसवले. या शस्त्रक्रियेमागे कराचीत जन्मलेले डॉ. मोहम्मद मन्सूर मोहिउद्दीन यांचे दोन दशकांचे काम होते, ज्यात एका बबूनच्या पोटात जोडलेले डुकराचे हृदय ९४५ दिवस धडधडत राहिले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३१ डिसेंबर २०२१ रोजी, इतर कोणताही उपाय उरलेला नाही अशा रुग्णासाठीची आपत्कालीन परवानगी दिली होती. बेनेट यांना मानवी हृदयासाठी आणि यांत्रिक पंपासाठी अपात्र ठरवले गेले होते, आणि काय होऊ शकते हे त्यांना सांगितले गेले होते. ते ८ मार्चला दगावले. पुढे त्यांच्या हृदयात डुकरांचा एक नागीणवर्गीय विषाणू सापडला, जो दात्या प्राण्याच्या चाचणीत निसटला होता. हृदय दोन महिने चालले. जॅक्सनच्या दीड तासांशी तुलना करता ही झेप मोठी होती, आणि तिच्यातला अर्धा भाग तरी चाचणी, नोंद, परवानगी व प्रसिद्ध झालेला शोधनिबंध यांचा होता.

यानंतरचा टप्पा मार्च २०२४ चा, आणि येथे बॉस्टन आणि जयपूर एकाच पंधरवड्यात इतिहासात शेजारी येतात. १६ मार्च रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ६२ वर्षांचे रिचर्ड स्लेमन यांना ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड बसवले गेले. त्यांना २०१८ मध्ये मिळालेले मानवी मूत्रपिंड निकामी झाले होते, डायलिसिससाठीची रक्तवाहिनी वारंवार बंद पडत होती, आणि त्यांच्या वयाच्या व प्रकृतीच्या माणसाला प्रतीक्षायादीत नंबर लागेपर्यंत जगण्याची शाश्वती नव्हती. चार तासांच्या शस्त्रक्रियेनंतर त्या मूत्रपिंडाने लघवी बनवायला सुरुवात केली आणि ३ एप्रिल रोजी ते घरी गेले.

जयपूरमध्ये त्याच दिवसांत दुसऱ्याच प्रकारे मूत्रपिंडे मिळवली जात असल्याचे उघड झाले. ३१ मार्चच्या रात्री राजस्थानच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक विभागाने सवाई मानसिंह रुग्णालयातील एका साहाय्यक प्रशासकीय अधिकाऱ्याला एका खासगी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडून सत्तर हजार रुपये घेताना पकडले. देवघेव होत होती ती अवयव प्रत्यारोपणाच्या बनावट एनओसींसाठी. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालची राज्यस्तरीय समिती याच संस्थेच्या छायेत काम करीत होती. तपास पुढे सरकला तशी समितीपुढे कधी गेलेलीच नसलेली प्रकरणे तिच्या नावाने मंजूर झाल्याचे दिसू लागले. पाठोपाठ हरियाणातील गुरुग्राम येथील एका अतिथिगृहात जयपूरमध्ये शस्त्रक्रिया झालेले बांगलादेशी नागरिक सापडले, दाते आणि रुग्ण दोन्ही. २०१४ च्या नियमांनुसार परदेशी दाता व रुग्ण यांच्या नात्याची खातरजमा त्यांच्या देशाच्या दूतावासाने करायची असते, आणि समितीपुढची मुलाखत चित्रित करायची असते. या प्रकरणात नियमांनी मागितलेल्या तपासणीची जागा एका सही-शिक्क्याने घेतली होती. काही खासगी रुग्णालयांचे प्रत्यारोपण परवाने निलंबित झाले आणि सरकारी वैद्यकीय यंत्रणेतील वरिष्ठांना पदे सोडावी लागली.

हेच जयपूर काही वर्षांपूर्वी अभिमानाचे कारण ठरले होते. २०१५ मध्ये राजस्थानातील पहिले मरणोत्तर अवयवदान येथे झाले, त्याच वर्षी एका खासगी रुग्णालयात राज्यातले पहिले हृदय प्रत्यारोपण झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये सवाई मानसिंह रुग्णालयातही एका रुग्णाला नवे हृदय मिळाले, जे सरकारी रुग्णालयासाठी मोठे पाऊल होते. कोणा घरात अकाली मृत्यू होऊन आप्तांनी दुःखाच्या ऐन घटकेला सही केली म्हणून हे शक्य झाले. त्या सहीमागचा विश्वास बनावट एनओसीने पोखरला, आणि ही हानी रुपयांत मोजता येणारी नाही. मुंबईनेही २०१६ मध्ये असाच अनुभव घेतला होता, जेव्हा एका नामांकित रुग्णालयात कोणीतरी रुग्णाची पत्नी असल्याचे भासवून मूत्रपिंड देण्यास आल्याचे शस्त्रक्रियेच्या वेळी उघड झाले आणि खोट्या कागदांची साखळीच बाहेर आली.

अनेक अभ्यासक डुकराच्या अवयवाकडे याच कारणासाठी आशेने पाहतात: पुरवठा मुबलक झाला तर दलालाचे काम संपेल आणि गरिबाच्या मूत्रपिंडाला गिऱ्हाईक उरणार नाही. या आशेत तथ्य आहे, पण निम्मेच. टंचाईमुळे दलाल जन्मला हे खरे. मात्र जयपूरमध्ये तुटले ते विचारण्याचे काम, आणि डुकराच्या अवयवाबाबत विचारण्याचे काम आणखी कठीण आहे. येथे दाता प्राणी बोलू शकत नाही, म्हणून सगळा भार घेणाऱ्याच्या संमतीवर येतो, आणि ती संमती सामान्य शस्त्रक्रियेपेक्षा वेगळ्या जातीची असते. विषाणूच्या भीतीमुळे अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने २००१ मध्ये ठरवलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाने आयुष्यभर देखरेखीखाली राहायचे असते, रक्तदान करायचे नसते, निकटच्या जोडीदाराला धोक्याची कल्पना द्यायची असते, आणि त्याचे व प्राण्याचे नमुने ५० वर्षे जपून ठेवायचे असतात.

स्लेमन यांचे मे २०२४ मध्ये निधन झाले. मूत्रपिंड नाकारले गेल्याची चिन्हे आढळली नाहीत, कारण हृदयाचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये अलाबामाच्या एका महिलेला दिलेले डुकराचे मूत्रपिंड १३० दिवस चालले, आणि जानेवारी २०२५ मध्ये बॉस्टनमध्ये बसवलेले दुसरे २७१ दिवस चालून ऑक्टोबरमध्ये काढावे लागले. २०२५ मध्ये अमेरिकेत नियमित वैद्यकीय चाचणीला मंजुरी मिळाली, जिच्यात आरंभी सहा आणि पुढे पन्नासपर्यंत रुग्ण घ्यायचे ठरले आहे. एकेका रुग्णासाठीच्या आपत्कालीन परवानगीपासून हे क्षेत्र प्रथमच बाहेर पडते आहे.

भारतात उद्या कोणी असा प्रस्ताव आणला तर त्याची फाइल तीन वेगळ्या टेबलांवर जाईल. जनुकीय बदल केलेला प्राणी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत येतो, प्राण्यांवरील प्रयोगांना स्वतंत्र समितीची मान्यता लागते, आणि माणसावरची चाचणी २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांच्या चौकटीत नीतिसमितीसमोर मांडावी लागते. १९९४ चा कायदा मात्र नावापासूनच मानवी अवयवांचा आहे. या चौकटीत एक प्रश्न अनुत्तरित आहे: २०१९ च्या नियमांनुसार चाचणीतल्या माणसाला केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क असतो, तर डुकराचे मूत्रपिंड घेतलेल्या माणसाला देखरेखीतून कधीच बाहेर पडता येणार नाही. जयपूर किंवा मुंबईच्या नीतिसमितीपुढे पहिला रुग्ण बसेल तेव्हा त्याच्या भाषेत त्याला हे सांगावे लागेल, आणि सही करण्यापूर्वी घरी जाऊन विचार करण्याची मुभाही द्यावी लागेल.